भाऊबीजेचा पाट

माझ्या मामाने मला गाडीने उडवलं आणि त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यामुळे गावात तो देवमाणूस ठरला. मी शुद्धीवर येईपर्यंत त्याला शाल-श्रीफळ द्यायचंच काय ते बाकी होतं.

मी चिराग. माणिकपूरच्या एका शाळेची बस चालवतो. सात वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. दहीहंडीच्या आठवड्यात एका सकाळी नायगावच्या आमच्या घरून मोटरसायकल काढली आणि बस काढायला निघालो. खाडीकडच्या रस्त्याला धर्मामामाची पांढरी गाडी डाव्या कडेला उभी होती. घरची गाडी, म्हणून मी हॉर्न दिला, हातही केला आणि उजव्या बाजूने पुढे निघालो. त्याने मागे न बघता, इंडिकेटर न देता गाडी सरळ उजवीकडे वळवली. त्याच्या कानाला फोन होता. माझा डावा पाय दोन गाड्यांच्या मध्ये सापडला, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

मांडीच्या हाडात रॉड घातला, गुडघ्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा मी औषधांच्या गुंगीत होतो. मामाने त्यांना गोष्ट सांगितली: पोरगा जोरात होता, खडीवरून घसरला, मी मागून येत होतो म्हणून वाचला. आईचाही जबाब घेतला. तिने भावाचेच शब्द पुन्हा सांगितले आणि खाली सही केली. तिने काही पाहिलेलं नव्हतं, भावावर विश्वास ठेवला, असं मी तेव्हा धरून चाललो.

आता कागदावर मी बेफाम गाडी हाकणारा होतो. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर ते पोचायला दोन दिवस लागले. रिकाम्या रस्त्यावर आपल्या आपण पडणाऱ्या माणसाच्या हाती आमची मुलं कशी द्यायची, असं कोणीतरी लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. शाळेने बदली ड्रायव्हर घेतला. मला पाय हवा होता तो चालण्यासाठी नाही, क्लच दाबण्यासाठी. मला माझी बस परत हवी होती, आणि ती त्या खोट्या कागदाखाली अडकली होती.

माझ्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे माझी मोटरसायकल. काळ्या टाकीला डावीकडून खोल पोचा होता आणि त्यात मामाच्या गाडीचा पांढरा रंग घासून बसला होता. ती पडवीत ताडपत्रीखाली ठेवली होती. मी बायकोला, खुशीला, सांगून ठेवलं होतं की वॉकर धरून उठता आलं की पहिल्यांदा चौकीत जाऊन हे दाखवायचं. फोटो काढून ठेवावेत एवढी अक्कल आम्हा दोघांना सुचली नाही, ती आमची चूक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खुशी मला फिजिओथेरपीला घेऊन गेली होती. आम्ही परत आलो तर पडवी रिकामी. आई म्हणाली, गाडी दुरुस्तीला गेली, धर्माने टेम्पो पाठवला होता. मी ओरडलो तेव्हा तिने उलट मलाच समजावलं.

"दसऱ्याला मोडकी गारी दारान ठेवाची नसते. तिची पूजा नको कराला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. नवी कोरी चमकत होती, टाकीला नवा काळा रंग, हँडलला झेंडूचा हार. हार मामाने स्वतःच्या हाताने घातला होता. आमच्याकडे दसऱ्याला नांगरापासून टेम्पोपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजतात, आणि या माणसाने देवाच्या नावाखाली पुरावा धुऊन काढला. मी खिडकीतून विचारलं, टाकीवरचा पांढरा रंग कुठे गेला. त्याने शांतपणे नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "डोक्याला मार लागलेला तुज्या. आराम कर."

मी मेकॅनिक जॉयलला फोन लावला. तो म्हणाला, धर्माशेठने सांगितलं तसं केलं, मला मध्ये घेऊ नका. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

त्या दिवसापासून मी आईशी बोलणं टाकलं. ती ताट आणून ठेवायची, मी ते खुशीकडे सरकवायचो आणि खुशीने वाढलं तरच जेवायचो. पोरकटपणा होता, कबूल. पण माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि ज्याच्यावर हात टाकावा तो माझ्या घरात रोज चहा पिऊन जात होता.

राग काढायला माझ्याकडे फक्त पाय होता. खुशीने आईचा जेवायला बसायचा पाट भिंतीला तिरका लावला, मागे गुंडाळलेली चटई कोंबली. मी खुर्चीत बसून तो क्लच समजून दाबायचो. पहिल्या आठवड्यात पाट हलायचासुद्धा नाही आणि माझ्या पाठीतून घाम वाहायचा. गुडघा साठ अंशाला अडायचा, मी शिव्या घालत तो सत्तरला न्यायचो. दिवाळीच्या तोंडावर चटई पूर्ण दबू लागली. सोडताना पाट हळू मागे येतो की नाही हेही मी बघायचो, कारण क्लच सोडण्यातच ड्रायव्हर कळतो. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. मी तिच्याकडे बघायचो नाही.

धनत्रयोदशीला शाळेच्या बसविभागाची फ्लॉसी मॅडम घरी आली. बाई भली आहे, फोनवर सांगणं तिला बरं वाटलं नसेल. तिने चहा घेतला, पायाची चौकशी केली, मग खाली बघत सांगितलं की सुट्टी संपली की शाळा नवा माणूस कायमचा घेणार आहे. माझं ओळखपत्र आणि बसची जास्तीची चावी तिला हवी होती. पोलिसांचा कागद बदलला तर गोष्ट वेगळी, नाहीतर पालक ऐकत नाहीत. आई मध्येच म्हणाली की त्याने सात वर्षं पोरं सांभाळली. फ्लॉसी मॅडम म्हणाली, "मला माहीत आहे, बाय. पण कागदावर तुमचीच सही आहे ना?"

चावी मी माझ्या हाताने दिली. त्या दिवशी आईने फराळाचा घाणा अर्धा टाकून गॅस बंद केला.

भाऊबीजेला मामा आला. सोबत मामी, नवा शर्ट, मिठाईचा डबा. आजी-आजोबा गेले तेव्हा मामा नऊ वर्षांचा होता, आईनेच त्याला वाढवलं. दरवर्षी तो आधी आमच्याकडे ओवाळून घेतो आणि मगच दिवसाचं पहिलं पाणी पितो. आईने माझा क्लचचा पाट भिंतीपासून काढला, पुसला, भोवती रांगोळी घातली आणि मामाला बसवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पाटावर त्याला बसवायची तिची हिंमत कशी झाली, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण खुशीने माझा दंड दाबला.

आईने मामाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट उचललं. निरांजन पेटलेलं होतं. तिने ताट त्याच्या तोंडासमोर धरलं आणि तिथेच थांबली.

"धर्मा, मना दवाखान्यान जे सांगलंस ते आता सगल्यांसमोर सांग. मंग ओवालते."

मामाला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. "बाय, सनासुदीला काय काढतेस? ओवाल."

"तुज्या हातान फोन होता. तू मागं बगलं नाय. माजे पाय धरून रडलास तू. पोलीस यायच्या आधी."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी रॉड घालून पडलो होतो तेव्हा तिला ठाऊक होतं, आणि तिने सही केली. मामाचा राग मी अडीच महिने पोसला होता, पण त्या क्षणी मला माझ्या आईची जास्त किळस आली. हे मी लपवत नाही.

पाटावर बसलेल्या भावाने अर्ध्यातून उठू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. उठला तर बहिणीचं ओवाळणं त्याला लाभत नाही, वर्षभर कुठलंच बळ त्याच्या पाठीशी उभं राहत नाही. आईने त्याला बरोबर तिथेच धरलं होतं. ती ताट हलवत नव्हती आणि खालीही ठेवत नव्हती. मामाने मामीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओवाळणीचं पाकीट काढून ताटात टाकलं. आईने दुसऱ्या हाताने ते उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

मग त्याचा आवाज बदलला. "सही तुजी हाय. आता उलटलीस तर तूच खोटी पडशील. मना पोलीस हात लावनार नाय, तुलाच नेतील."

"होऊ दे मी खोटी. तू बोल."

तूप संपत आलं होतं. आईने ताट दोन्ही हातांनी धरलं, निरांजन ताटात डगमगायला लागलं. खुशी पुढे झाली, आईने तिला मान हलवून थांबवलं. मामी हळूच म्हणाली, सांगून टाका ना एकदाचं, असं अर्धवट नका उठू. मला वाटलं तो बोलेल. त्याचे ओठ हललेसुद्धा.

तो उठला. पाट त्याच्या पायाने मागे ढकलला गेला, रांगोळी फिसकटली. कपाळावर कुंकू घेऊन तो चपला शोधत बाहेर गेला आणि मामी मिठाईचा डबा तसाच ठेवून त्याच्या मागे धावली. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. या वेळी त्याने निघण्याआधी दोनदा हॉर्न दिला.

आईने ताट देव्हाऱ्यासमोर ठेवलं. तिने खुशीला आपलं चांगलं पातळ काढायला सांगितलं आणि मला म्हणाली, चौकीत चल. मी वॉकर घेतला.

चौकीत सणामुळे एकच हवालदार होता, लाडू खात बसलेला. आईने उभ्यानेच सगळं सांगितलं: फोन, वळण, दवाखाना, आपली सही, दसऱ्याचा टेम्पो, जॉयलचं गॅरेज. हवालदाराने हात पुसले आणि जुना कागद शोधून काढला. पहिला जबाब तुमचाच आहे, तो खोटा ठरला तर तुमच्यावरही येईल, हे त्याने तिला दोनदा समजावलं. ती म्हणाली, येऊ दे. मग त्याने पेन उचललं.

"गाडी चालवणारा तुमचा कोण?"

इतकं सगळं सांगितलेली बाई इथे अडली. तिने पदराने तोंड पुसलं. त्याने प्रश्न पुन्हा विचारला.

"भाऊस हाय," ती म्हणाली. "सख्खा. आज ओवालला नाय त्याला. लिवा."

तो लिहू लागला. मी तिला माफ केलेलं नव्हतं, आजही केलं आहे असं म्हणणार नाही. पण ती अजून उभीच होती. मी वॉकरने खुर्ची तिच्याकडे ढकलली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोललो.

"आई, खाली बस," मी म्हणालो. "सही मग कर."