नीट दिसलं नाही

सासूबाईंनी घोड्यावर बसायचा हट्ट धरला, तेव्हा धाकटी सून एकदाच म्हणाली, "आई, तुमचा गुडघा दुखतोय ना?"

सासूबाईंचं तोंड लगेच वाकडं झालं. "मी म्हातारी झाले असं सरळ म्हण की."

नवरा मध्ये पडला. "बसू दे गं तिला. सुट्टीला आलोय ना आपण?"

सगळ्यांच्या पिशव्या खांद्याला अडकवून धाकटी पायीच चालू लागली. पुढे सासूबाईंची घोडी, तिची दोरी धरून घोडेवाली, आणि चार पावलं मागे दुसऱ्या घोड्यावर नवरा. थोरली जाऊ उन्हाला कंटाळून हॉटेलवरच थांबली होती.

निघतानाच घोडेवालीने बजावलं होतं, "वर बसून पिशवीबिशवी काढू नका. प्लॅस्टिकच्या आवाजाला ही बुजते." सासूबाईंनी मान डोलावली. आणि तळ्याच्या वळणावर वारा झोंबायला लागल्यावर पर्समधला घडी घातलेला प्लॅस्टिकचा रेनकोट काढून त्यांनी फडाफड झटकला.

घोडी उधळली. घोडेवालीच्या हातातून दोरी सुटली. पुढे वाट संपत होती आणि खाली नुसत्या दगडांचा उतार होता. धाकटीने पिशव्या टाकल्या, वळणाच्या आतून आडवी धावली आणि लगाम पकडला. दहा-बारा पावलं ती फरफटत गेली. लगामाचा पट्टा तिच्या उजव्या अंगठ्याला गच्च वेढला होता, तरी तिने सोडला नाही. घोडी थांबली. सासूबाई खोगिरावरून घसरत घसरत गवतावर येऊन बसल्या. कोपर जरा खरचटलं.

"हिने ओढलं मला!" त्या ओरडल्या. "हिनेच खाली ओढलं!"

नवरा उतरून धावत आला, तो आईकडे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा अंगठा हलवून पाहिला. आतलं लिगामेंट तुटलं होतं.

"काम काय करता तुम्ही?"

"कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा असतो."

डॉक्टरांनी वर पाहिलं, मग पुन्हा खाली बघून लिहीत राहिले. बाहेर बाकावर नवरा आईच्या कोपरावर फुंकर घालत होता.

हॉटेलवर जाऊबाईंनी तिला बाजूला घेतलं. "सॉरी म्हणून टाक ना. उरलेले दोन दिवस तरी सुखाने जातील."

"कशाबद्दल सॉरी?"

"अगं, म्हणायला काय जातंय?"

संध्याकाळी घोडेवाली चौकशीला आली. दारातच चपला काढून म्हणाली, "त्या बाईंचा हात कसा आहे? त्या आडव्या आल्या नसत्या, तर आजी थेट दगडांवर गेल्या असत्या. वर बसून प्लॅस्टिकचं काही काढू नका म्हणून मी आधीच सांगितलं होतं."

सासूबाई म्हणाल्या, "ती आपली बाजू सावरणारच. तिचीच घोडी ना!" आणि मुलाकडे वळल्या. "तू मागेच होतास. तू सांग."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं झाली होती लग्नाला. आतापर्यंत तिने कधीच त्याला कोंडीत पकडलं नव्हतं. आताही पकडलं नव्हतं, फक्त पाहिलं.

"मला नीट दिसलं नाही," तो म्हणाला. "धूळ उडाली होती."

तळ्याकाठी हिरवळ होती. धूळ कुठली? घोडेवालीने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि चपला घालून निघून गेली.

खोलीत दोघंच उरल्यावर तो हळूच म्हणाला, "आईचं वय बघ. तिचीच चूक होती असं सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर तिला किती लागलं असतं. तुला माहितीये काय झालं, मला माहितीये. बास ना?"

"म्हणजे दिसलं होतं."

तो बॅगेतले कपडे उगाच घडी करत राहिला.

चार महिन्यांनी पट्टी कायमची निघाली, पण अंगठा पुरता वळेना. मेणातला दात तिरका बसायचा. वर्कशॉपच्या मालकाने दोन कवळ्या परत आल्यावर तिला साच्यांना प्लॅस्टर ओतायच्या टेबलावर बसवलं. ते काम नवशिक्यांचं. चौदा वर्षांनंतर ती पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत बसली. मालक चांगला माणूस होता, तिच्याशी बोलताना नजर चुकवायचा.

घरी कोणी पाहुणे आले की सासूबाई कोपरावरचा वण दाखवायच्या. "सून घाबरली हो, आणि मला ओढलं. जाऊ दे, मी काही मनात ठेवलं नाही." पाहुणे हसायचे, सासूबाईंच्या मोठेपणाचं कौतुक करायचे. नवरा बशीतलं काहीतरी चिवडत बसायचा.

पुढच्या सुट्टीचं ठरायला लागलं तेव्हा तिने सांगितलं, "तुम्ही जा. मी येणार नाही."

"अजून तेच धरून बसलीयेस?" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं.

ते गेले. तिने त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला, उशी दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर ठेवली. ते परत आल्यावर त्याने ती तिथे पाहिली. त्या रात्री तो तिथेच झोपला.