टेबलावरच्या नोटेपायी गेलेली गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. सध्या अमेरिकेत, ओहायोतल्या एका तळघरात कपाटाच्या खालच्या खणात घडी होऊन पडले आहे. इथे डांबरगोळ्यांचा वास आहे आणि माझे मन रमत नाही.

माझा जन्म पॅसिफिक महासागरातल्या आइतुताकी बेटावरचा. तिथे मला तिवाएवाए म्हणतात. तेपाएरू आणि तिची धाकटी बहीण वाइने यांनी शेजारणींना जमवून दोन गोधड्या शिवल्या. लाल जास्वंदांची मी, तेपाएरूची. पिवळ्या फुलांची वाइनेची. दोन वर्षे लागली. आमच्याकडे गोधडी लग्नात देतात, मुलाच्या जावळाला देतात, आणि एक मात्र बाई स्वतःसाठी राखून ठेवते, शेवटच्या दिवशी तिच्यात गुंडाळून मातीत जायला. मी ती राखून ठेवलेली. पेटीतून मला काढून ऊन दाखवताना तेपाएरू म्हणायची, "थांब जरा, आपण बरोबरच जायचंय."

तेपाएरू भाच्याच्या समुद्रकाठच्या खानावळीत दुपारी वाढायला जाई. एका वर्षी ओहायोचे डेल व्हिटकॉम आणि त्यांची बायको जोन आठ दिवसांसाठी बेटावर आले आणि रोज तिथेच जेवू लागले. पहिल्याच दिवशी जेवून उठताना त्यांनी बशीखाली दहा डॉलर ठेवले. तेपाएरू धावत मागे गेली.

"साहेब, पैसे विसरलात!"

"विसरलो नाही, मावशी. तुमच्यासाठीच ठेवलेत."

त्यांच्या गावी वाढणाऱ्याला असे पैसे ठेवले नाहीत तर माणूस कंजूष ठरतो. आमच्या गावी कोणी काही दिले आणि आपण परत काहीच दिले नाही, तर आपण हलके ठरतो. तुमच्या आईने शेजारणीचे पातेले कधी रिकामे परत पाठवले आहे का? तसेच हे.

दुसऱ्या दिवशी तेपाएरूने परसातल्या पपया नेल्या. डेलसाहेब भारावले आणि त्यांनी तीस डॉलर ठेवले. तिने नारळाच्या कोवळ्या पात्यांची टोपी विणून दिली. त्यांनी शंभर ठेवले. घरात वाइने हसून हसून बेजार.

"अगं, रीत आहे ती त्यांची. घे आणि गप्प बस."

"घेऊन गप्प बसायला मी काय गल्ल्याची पेटी आहे?"

"मग कोंबडा दे. विमानात मांडीवर घेऊन बसतील."

शेवटच्या दुपारी त्यांनी पाकिटात तीनशे डॉलर ठेवले. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. तेपाएरूने घरभर नजर फिरवली. तेवढ्या तोलाचे काहीच नव्हते. मग तिने माझी पेटी उघडली. वाइनेचे हसू मावळले.

"ही नको, ताई. ही तुझी आहे."

"दुसरी शिवेन. हात आहेत अजून."

"हात आहेत, पण डोळे कुठे आहेत?"

तेपाएरूने मला घडी घालून बाजूला ठेवले. सकाळी विमानतळावर तिने मला जोनच्या हाती ठेवले. जोन रडली, तिने तेपाएरूला मिठी मारली, पण मी कोण आहे हे तिला कोणी सांगितले नाही. देताना मोल सांगायचे नसते, ही आमची रीत. त्या रीतीचा मला त्या दिवशी फार राग आला.

वर्षभर मी त्यांच्या पलंगावर मिरवले. पाहुणे कौतुक करायचे. मग कुत्र्याने एक कोपरा फाडला आणि माझी रवानगी तळघरात झाली.

एका दुपारी जोन फोन घेऊन खाली आली आणि तिने मला बाहेर काढले. वाइनेच्या मुलीचा निरोप होता. तेपाएरू गेली होती. जोन माझ्यात तोंड खुपसून रडली. तिचे रडणे खरे होते, मित्रांनो. जिन्यात उभे राहून डेलसाहेब हळूच म्हणाले, "आपण काहीतरी पाठवू या त्यांना. बरं दिसेल." त्यांनी पाचशे डॉलर पाठवले. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

गेल्या महिन्यात एक पार्सल आले. जोनने ते माझ्या शेजारीच उघडले. आत पिवळी फुले होती.

वाइनेची गोधडी आता माझ्याच खणात आहे. तिच्याकडून कळले, की तेपाएरूला साध्या चादरीत गुंडाळून पोचवले. दुसरी गोधडी शिवायला तिने घेतली होती. तिच्यावर तीनच फुले झाली होती आणि तीही वाकडी.

मित्रांनो, परमुलखात जाल तेव्हा सढळ हाताने द्या, पण आधी तिथल्या माणसांना विचारा, की घेणाऱ्याला त्याचे पुढे काय करावे लागते. एवढे विचारायला काही पैसे पडत नाहीत. हे मी आता घाईने सांगते आहे, कारण मघाशीच खण लावताना जोन म्हणत होती, "डेल, एवढी सुंदर गोधडी पाठवली त्यांनी. आपणही काही पाठवायला हवं."

वाइनेच्या पेटीत आता काहीच उरलेले नाही.