टोपीखालचा चेहरा

फोटोग्राफरच्या सासऱ्याचा एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावातली लग्नं, पोरंबाळं, पासपोर्टाची रडकी तोंडं, सगळं त्याने टिपलं होतं. सासरा मात्र मिठागरात राबायचा, रुंद काठाची टोपी घालायचा आणि ती कोणासाठीही काढायचा नाही. त्यामुळे विषय दर वेळी पुढे ढकलला जायचा.

आता म्हाताऱ्याचं हृदय कुरकुरायला लागलं आणि बायकोला बापाचा चेहरा हवासा झाला. नेमकी तेव्हाच नवऱ्याची जीभ घसरली. "आमच्या सासऱ्यांचं डोकंसुद्धा मिठात मुरलंय," तो पाहुण्यांना म्हणाला. सासरा दारातच उभा होता. हातातली पिशवी उंबऱ्यावर ठेवून तो आल्या पावली परत गेला. तेव्हापासून बायकोने नवऱ्याशी बोलणं टाकलं. खरी पंचाईत पुढेच होती, कारण फोटो तो काढायचा आणि फिल्म ती धुवायची.

या जोडकामाला एक खोड होती. नवरा उजेडाच्या बाबतीत चिक्कू. फिल्मला लागेल त्याहून जरा कमीच द्यायचा. बायको न बोलता सांभाळून घ्यायची आणि फिल्म औषधात जास्त वेळ ठेवायची. संसार असेच चालतात, स्टुडिओही चालला होता.

एके दिवशी भर दुपारी नवऱ्याने कॅमेरा उचलला. "मिठागरात जातोय," असं त्याने भिंतीला सांगितलं. संध्याकाळी येऊन रोल टेबलावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेला.

बायकोने अंधारात फिल्म डब्यात भरली, झाकण लावलं, दिवा लावला आणि औषध ओतलं. रणरणतं ऊन, पांढरंफेक मीठ, आणि त्यात टोपीच्या सावलीतला बाप. उजेड मोजायचा मीटर मिठालाच भुलला असणार, वर हा माणूस चिक्कू. म्हणजे चेहऱ्याच्या जागी फिल्म कोरी. आज नेहमीपेक्षाही जास्त वेळ ठेवायची, असं तिने ठरवलं.

दारावर टकटक झाली.

"औषध लवकर ओतून टाक," नवरा बाहेरून म्हणाला.

ती डबा हलवतच राहिली.

"अगं, जास्त ठेवलीस तर मीठ, सदरा, आभाळ, सगळं जळून जाईल. उजेड भरपूर दिलाय."

"तुम्ही? भरपूर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मीटर त्यांच्या नाकाशी धरला होता. टोपीच्या आत."

बापाच्या नाकाशी माशी गेली तरी तो खवळायचा. हे खरं असेल तर औषध आत्ताच ओतून टाकायला हवं. थाप असेल, तर आत्ता ओतल्यावर बाप कायमचा अंधारात. तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहीलच याचा काय भरवसा? तिचा राग तसूभर कमी झाला नव्हता. पण हा माणूस कामाबद्दल कधी खोटं बोलल्याचं तिला काही केल्या आठवेना. तिने डबा उपडा केला.

चित्र पक्कं करणारं फिक्सर झालं, पाणी झालं. तिने ओली फिल्म दिव्यासमोर धरली. बापाचे एकदोन फोटो असतील आणि बाकी कुणाचं तरी लग्न, असं तिला वाटलं होतं. रोलभर बापच होता. मिठाचे ढीग शाबूत, आणि टोपीखाली डोळे, सुरकुत्या, रुसल्यासारखा पुढे आलेला खालचा ओठ. शेवटच्या फोटोत टोपीच नव्हती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हणून ऊन कधी न पाहिलेलं डोकं काळंकुट्ट आलं होतं आणि रापलेला चेहरा फिकट. बापाला इतकं टक्कल पडलंय हे तिला माहीतच नव्हतं. तिला रडू आलं.

फिल्म वाळत टाकून तिने दार उघडलं.

"टोपी कशी काढायला लावलीत?"

"मी कुठे लावली? मी फक्त माफी मागितली."

"मग?"

"मग ते बराच वेळ मिठाकडे बघत बसले. म्हणाले, आज घाम फार येतोय. आणि काढली."