कोऱ्या फळ्यावरची अक्षरे

काच फुटली की सभागृहात टाळ्या पडत. व्यासपीठावर लाकडी पाट, पाटावर एखाद्या पोराचा चष्मा आणि चष्म्यावर नेत्रगुरूंची जाड तळाची चप्पल. कर्र! टाळ्या. चुरा एका पोत्यात जाई आणि पोते सगळ्यांना दिसेल असे पुढेच ठेवलेले असे.

"देवानं दोन डोळे दिले," नेत्रगुरू माइकवर विचारत, "वर आणखी दोन कुठून आणलेत?"

"डॉक्टरकडून!" गर्दी ओरडे.

"आणि डॉक्टरनं?"

"दुकानातून!"

"मग डोळे दुकानात मिळतात होय रे? चष्मा म्हणजे डोळ्याची कुबडी. टाक कुबडी! लाव जोर! वाच!"

आणि पोर वाचायचे. पंधरा पावलांवरच्या पांढऱ्या फळ्यावरची बारीक अक्षरे, चष्म्याशिवाय, अडखळत पण बरोबर. आया रडायच्या. त्या दिवशी वाचणारी पोर माझी भाची होती, ठमी. वय वर्षे सहा. आणि पाटावर फुटला तो चष्मा माझ्या वडिलांनी स्वतः नंबर काढून दिलेला होता. अप्पांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"दादा, तिला चष्मा हवाय," मी बाहेर भावाला म्हटले.

"तुझ्यासमोर वाचलं ना तिनं? का तुझेही डोळे गेलेत?"

"अप्पांनी सांगितलं होतं..."

"अप्पांनी जन्मभर लोकांना चष्मे लावले. एकाचा तरी काढला का?" दादा माझ्याकडे न बघता बोलत होता. "त्यांना स्वतःलाही वाचवता आलं नाही."

आम्ही दोघेही एकाच माणसाला रडत होतो. नेत्रगुरूंना असे लोक लांबूनच ओळखू येतात.

काही आठवड्यांनी वहिनी ठमीला माझ्या दवाखान्यात घेऊन आली, दादाला न सांगता. ठमीचे कपाळ दुखायचे, पुस्तक उघडले की ती पेंगायची आणि डावा डोळा नाकाकडे वळायला लागला होता.

"गुरूंना दाखवलं?" मी विचारले.

"दाखवलं. ते म्हणाले, डोळा आत वळला म्हणजे अंतर्दृष्टी जागी होतेय. शुभ लक्षण आहे."

तपासणीच्या खोलीत अप्पांचे यंत्र अजून त्यांनी लावल्या जागी आहे. डोळ्याला हात न लावता ते आतल्या भिंगाचा आडवा छेद पडद्यावर दाखवते. लहान मुले जवळचे-लांबचे पाहताना ते भिंग किती फुगते, कधी दमते, हे अप्पा वर्षानुवर्षे पाहत आले. मुलांनी नजर कुठे लावायची त्यासाठी त्यांनी स्वतः एका बदकाचे चित्र काढून यंत्राच्या सरकत्या पट्टीवर चिकटवले होते. बदकाची मान फार लांब झाली आहे. ते बदलावे असे कुणालाच वाटले नाही.

ठमीने हनुवटी टेकवली. मी बदक लांब नेले. लांबचे पाहताना भिंग पसरून चपटे व्हायला हवे. तिचे गच्च फुगलेले होते.

"ठमे, डोळ्यांनी काय करतेयस?"

"जोर लावतेय. जोर सोडला तर चष्मा परत येतो. गुरूंनी सांगितलंय."

"झोपेतसुद्धा लावतेस का गं?"

"झोपेत बाबा बघत नाहीत."

वहिनीने तोंड फिरवले.

"बदकं किती आहेत?"

"एक." मग ती खूश होऊन म्हणाली, "आधी दोन दिसायची, आत्या. आता एकच दिसतं. म्हणजे बरं झालं ना?"

बरे झाले नव्हते. दोन डोळ्यांची दोन चित्रे जुळेनात, तेव्हा मेंदूने डाव्या डोळ्याचे चित्र टाकून दिले होते. या वयात असे टाकलेले चित्र मेंदू पुढे सहजी परत घेत नाही.

पुढच्या सभेला मी लवकर गेले आणि दाराशी उभी राहिले. तिथे नेत्रगुरूंचा शिष्य प्रत्येक मुलाचा चष्मा 'शुद्धीसाठी' हातात घेई आणि क्षणभर छापील पत्रकावर धरी. काचेतून अक्षरे मोठी दिसली की मूल पुढच्या रांगेत. लहान दिसली की मागे, "प्रारब्ध जड आहे, माउली, पुढच्या वेळी बघू." सगळी दैवी निवड एवढीच. अक्षरे मोठी दाखवतो तो प्लस नंबर. अशा मुलाचे कोवळे भिंग जोर लावून, फुगून, थोडा वेळ चष्म्याचे काम करते. मायनस नंबरच्या मुलाने कितीही जोर लावला तरी फळा दिसत नाही. म्हणून ते मूल पापी.

नेत्रगुरूंनी ठमीला 'आपली पहिली ज्योत' म्हणून वर बोलावले. मीही वर चढले.

"ही कोण?"

"तिची आत्या. डोळ्यांची डॉक्टर."

"या, या! दुकानदार आले!" सभागृह खदखदून हसले. "परीक्षा घ्यायचीय? घ्या! ज्योतीला वाऱ्याचं भय नाही."

मी मागून ठमीच्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मग फळ्याजवळ जाऊन उभ्या राहिलेल्या वहिनीला खूण केली. वहिनीने फळा उलटा केला. त्या बाजूला काहीच लिहिलेले नव्हते.

"वाच, ठमे."

ठमीच्या कपाळाला आठ्या पडल्या. मूठ आवळली गेली.

"क," ती म्हणाली. "म. ट. र..."

कोणी टाळी वाजवली नाही.

"ल," ती म्हणाली. आवाज घाबरला होता. आपले काहीतरी चुकतेय हे तिला कळले होते, काय ते एकट्या डाव्या डोळ्याला दिसत नव्हते. "लावते ना, अजून जोर लावते. बाबा, थांबा ना. ग. न..."

पहिल्या रांगेतून दादा उठला. व्यासपीठावर आला, कोऱ्या फळ्याला हात लावून पाहिला आणि तिथेच खाली बसला.

"श्रद्धा डळमळली की दृष्टी जाते!" नेत्रगुरू ओरडले. मी दाराशी काय चालते ते माइकवर सांगितले आणि म्हटले, "मागच्या रांगेतलं एक मूल वर बोलवा. कुठलंही." त्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्य दाराकडे पाहत होता.

मारहाण झाली नाही, घोषणा झाल्या नाहीत. लोक पोत्याकडे धावले. आपापल्या पोराचा चष्मा शोधायला आयांनी त्या चुऱ्यात हात घातले. बोटे कापली तरी काढेनात. एकीला निळी काडी सापडली, तेवढीच. ती तिने पदराला पुसली.

ठमीला आता नवा चष्मा आहे आणि उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने काम करावे म्हणून. डावा डोळा थोडा परत येईल. पूर्ण येईल असे मी दादाला सांगितलेले नाही. तो विचारत नाही.

माझे मागणे फार नाही. कुणावर विश्वास ठेवू नका, असे मी म्हणत नाही. विश्वासाशिवाय मूल डॉक्टरपुढेही हनुवटी टेकवत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एक डोळा झाकून बघा आणि फळा उलटा करून बघा. मागच्या रांगेत कुणाला बसवलेय तेही बघा. खऱ्याचे यात काही जात नाही.

काल ठमी पुन्हा बदकासमोर बसली.

"आत्या, जोर लावू?"

"नको."

"मग नीट नाही दिसलं तर?"

"तर नीट नाही दिसत असं सांगायचं."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच, कुणी रागावेल अशा भीतीने म्हणाली, "नाही दिसत."

पडद्यावर भिंग सैल झाले.