पाठीमागचा फळा

"आई, खरं सांग हं. तू दिवसभर घरी काम करतेस, की नुसती कान झाकून बसतेस?"

हा प्रश्न टकळीचा नव्हता. 'विचारून दाखव, हिंमत असेल तर!' असं मैत्रिणींनी तिला चढवलं होतं. टकळी म्हणजे या घरातली लेक. झोपेत सोडून तिचं तोंड कधी मिटत नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. प्रश्न ऐकून आईच्या भुवया वर गेल्या, पण मला मात्र उकळ्या फुटल्या. विचार, बाई, विचार! अजून खणखणीत आवाजात विचार!

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. जन्माने मी कपाटाचं दार. कपाट मोडलं, तेव्हा सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला, खाली खडू ठेवायला पट्टी ठोकली आणि मी फळा झालो. कुलपाचं भोक मात्र अजून माझ्या अंगावर आहे.

आई तेव्हा शिकवण्या घ्यायची. गल्लीतली बारा मुलं या खोलीत मांडी घालून बसायची आणि तिला 'बाई' म्हणायची. काय दिवस होते ते! बाईंचा हात माझ्यावर, मुलांचे डोळे माझ्यावर. "बाईंच्या फळ्यावर गणित सोपं दिसतं," असं एक मुलगा म्हणाला होता. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मग तो आला. लॅपटॉप! आईला घरून करायचं काम मिळालं. डॉक्टर बोलून ठेवतात, ते ऐकून रुग्णांचे अहवाल टाइप करायचे. माझ्यासमोर टेबल आलं, टेबलावर तो बसला, आणि आई कानांवर हेडफोन चढवून, माझ्याकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली. तीन वर्षं झाली, मी तिचा अंबाडा बघतो आहे.

खोटं कशाला बोलू, मी जळायचो. त्याला पुसायला मऊ पिवळं फडकं, मला बाबांचा फाटका मोजा. तो जरा गरम झाला की आई त्याच्या पोटाखाली पुस्तक सरकवायची. माझा कोपरा पोपडे धरून गळत होता, त्याचं कुणाला काही नाही. आवाज मागे-पुढे करायला तिच्या पायाखाली एक पेडल होतं. मी त्या पेडलवरसुद्धा जळायचो!

पण दिवसातलं अर्धं मिनिट माझं होतं. ऑफिसचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. गल्लीभरच्या मुलांकडून पाढे घोकून घेणारी आमची बाई, पण तो काही तिच्या लक्षात राहीना. म्हणून तिने माझ्या कोपऱ्यात खडूने चौकट आखली. वर कंपनीचं नाव, मग स्वतःचं, खाली पासवर्ड. रोज सकाळी नऊला ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघायची. त्याला उघडायचं असेल, तर आधी मला विचारावं लागतं, या विचाराने माझी छाती फुगायची.

टकळीच्या प्रश्नावर आई एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी आहे ना तुला? बस माझ्या शेजारी. आणि तोंड बंद."

टकळी बसली. बघते तर काय, आई एकेक वाक्य सात-सात वेळा मागे घेऊन ऐकते आहे.

"इतक्यांदा कशाला गं?"

"डॉक्टर घास चावत बोलतात. औषधाचा आकडा चुकला तर भोगायचं रुग्णाने."

"मला ऐकू दे ना!"

"मुळीच नाही. दुसऱ्याचं दुखणं आहे ते, तुझ्या कानांसाठी नाही."

दुपारी एकला आई उठली, तेव्हा टकळीचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. "थांब, परत बस! पोरींना पुरावा दाखवते." तिने मोबाइल उगारला. "जरा डावीकडे सरक. फळापण येऊ दे, भारी दिसतोय!"

मी! भारी! तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं. फोटोत त्या लॅपटॉपची नुसती पाठ आली आणि मी आलो अख्खा, चौकटीसकट. 'ही बघा माझी आई, घरून अशी राबते!' असं लिहून टकळीने फोटो टाकला. मैत्रिणींनाच नाही, जगात कुणालाही दिसेल असा. बदाम येत गेले, ती मोजत गेली आणि मी हुरळत गेलो.

तिसऱ्या दिवशी नऊला आईने खुर्ची वळवली, पासवर्ड टाकला. लॅपटॉप उघडेना. तेवढ्यात ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. कुणीतरी आईच्या नावाने आत शिरून चाळीस रुग्णांचे अहवाल उघडले होते. आईचं काम बंद. पासवर्ड बाहेर कसा गेला, ते उद्या नऊपर्यंत कळवायचं. पटलं नाही, तर नोकरी गेली.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, नीट आठवून बघ. कुणाजवळ बोललीस का?"

"अहो, आठवायचंय काय? पोटच्या पोरीला ऐकू दिलं नाही मी!"

मग आई खुर्ची वळवून माझ्याकडे बघत बसली. अर्धं मिनिट नाही, कितीतरी वेळ. ज्या नजरेसाठी मी तीन वर्षं झुरलो, ती अशी मिळाली. ओल्या डोळ्यांची. मला नको झाली.

टकळीने आईची नजर कुठे खिळली आहे ते पाहिलं. हळूच मोबाइल काढला, फोटो मोठा केला. आणि टकळी गप्प झाली. अशी शांतता या घरात मी प्रथमच ऐकली. फोटो पुसून टाकला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

मित्रांनो, मी एके काळी कुलूप सांभाळणारं दार होतो. गुपित दाखवून मिरवायचं नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं. पण जळणाऱ्याला दिसायची घाई असते. तुम्ही फोटो काढाल, तेव्हा हसऱ्या चेहऱ्याच्या मागे काय आहे, तेही बघा. आणि गुपितं माझ्यासारख्यावर लिहू नका. मला झाकायला पापणीसुद्धा नाही.

आईने कागद ओढला. "लिहिते, माझ्याच हलगर्जीपणामुळे..."

टकळी उठली. बाबांच्या फाटक्या मोज्याने तिने माझी चौकट पुसली, आणि खडूने पांढरे झालेले हात तसेच घेऊन दोघांकडे वळली.

"आई, थांब. लिहू नकोस. फळ्यावर लिहिलंस ती तुझी चूक, पण जगाला दाखवलं मी. त्या फोटोत सगळं दिसतंय. बाबा, मध्ये बोलू नका, नाहीतर मला रडू येईल. उद्या नऊला मॅडमना फोन लावायचा आणि आधी मी बोलणार. मी इथे फळ्यापाशी उभी राहीन. आई, तू खुर्ची इकडे वळवून बस. ठरलंय माझं."