रिकामी बैठक

उत्तमराव हैदराबादेहून एक खूळ घेऊन आले, आणि तेव्हापासून कौशल्याबाईंना स्वतःच्याच घराची किळस येऊ लागली.

बोथच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. माल आणायला गेले, तिथे कुण्या बड्या व्यापाऱ्याचं घर पाहिलं आणि परतल्यावर तेच पुराण. "मोठ्या लोकायच्या बैठकीत काईच नसते. सामान म्हंजे गावंढळपना!" झालं. पितळी भांड्यांची मांडणी निघाली, पलंग निघाला, देवांच्या तसबिरीही निघाल्या. भिंतींना पांढरा रंग, खाली पांढरी चादर, बस्स. हंडे-पातेली मागच्या खोलीत एकमेकांच्या उरावर बसली. तिकडे पाय टाकायला जागा नाही, इकडे नजर टेकवायला.

"ओकारी येते मले या खोलीची," बाई तोंडावर सांगत. उत्तमराव नुसते हसत. अक्कल गहाण टाकलेल्या माणसापुढे डोकं तरी किती आपटायचं!

अशात बयनाला पाहायला मुधोळचे मारोतराव येणार असल्याचा निरोप आला. लेकीची आधीची स्थळं हातची गेलेली. हा मुलगा मास्तर, घर खातंपितं. हे जमावं म्हणून बाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"त्या दिवसापुरती तरी मांडनी बाहेर काढा."

"बिलकुल नाई. अन् कोनी मोठ्यानं बोलाचं बी नाई. मोठ्या घरात शांतता असते."

मारोतराव आणि त्यांच्या पत्नी तुळजाबाई आले. उंबऱ्यातच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गुपचूप चादरीच्या कडेला बसले, माना खाली घालून. उत्तमरावही रुबाबात गप्प. चहा आला, पाहुण्यांनी हातानंच नको म्हटलं. थोड्या वेळानं उठले आणि 'येतो' न म्हणताच निघून गेले. बयना पोह्याच्या ताटल्या घेऊन दारातच उभी राहिली.

"पाह्यलं? बोलतीच बंद झाली त्यायची!" उत्तमराव खूश.

कौशल्याबाईंना मात्र ते न म्हटलेलं 'येतो' खटकलं. 'येतो' न म्हणता माणूस फक्त एकाच घरातून उठतो. त्या तशाच धावत सुटल्या.

बसथांब्याजवळच्या बोरिंगवर मारोतराव डोक्यावरून पाणी घेत होते.

"कोन गेलं, बाई?" तुळजाबाईंनी हळूच विचारलं.

"कोनी नाई हो! सारे जित्ते हाओत. ह्यायनंच हौसेनं घर तसं केलं."

तुळजाबाईंचा चेहरा आंबला. "हौसेनं? भरल्या घरावर अशी कळा? सोयरीक पाह्याले निघालो अन् सुतकात बसून आलो आमी. आता या सोयरिकीचं नाव काढू नोका."

बाई परतल्या. उत्तमराव पांढऱ्या चादरीवर लोडासारखे पसरले होते. त्यांच्याकडे पाहून बाईंना अशी शिसारी आली की उंबऱ्याच्या आत पाय टाकवेना.

"काय म्हनत होते? आवडलं ना घर?"

"बोरिंगवर आंघोळ करून राह्यलेत," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरून गेल्यावर."