गोडबोली काय म्हणत होती

मी एक जुने इस्त्रीचे यंत्र आहे. मित्रांनो, इस्त्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घरातली छोटी इस्त्री आली असेल, तर ती बाजूला ठेवा. माझी लांबी दोन पलंगांएवढी आहे. माझ्या पोटात वाफेवर तापणारे दोन जाड रोलर आहेत. ओलसर चादर एका बाजूने त्यांच्यात सरकवली की दुसऱ्या बाजूने ती कोरडी आणि कडक होऊन बाहेर पडते. रोलरांना चादर कोणती आणि हात कोणता, हे कळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे सगळे तुम्हाला समजेल.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या आधी तिथे तयार झालेल्या माझ्या भावंडाने एका कामगाराची चार बोटे घेतली होती. त्यानंतर तिथल्या लोकांनी ठरवले की यापुढे प्रत्येक यंत्राला जाळी असेल आणि वाचाही असेल. जाळी रोलरच्या तोंडाशी बसवायची. ती वर उचलली की रोलर थांबणार आणि यंत्र बोलणार. मला आवाज द्यायला एक बाई आल्या होत्या. बंद खोलीत बसून, मधेमधे कोमट पाणी पीत त्यांनी एकच वाक्य नऊ वेळा म्हटले. सुरुवातीला त्या जरा करड्या आवाजात बोलल्या. तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "असं नको. माणूस घाबरला की जास्त चुकतो. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगा." मग त्यांनी अगदी मायेने सांगितले आणि तोच आवाज माझ्यात भरला गेला. वाक्याचा अर्थ असा होता: जाळी उघडी आहे. कृपया हात आत घालू नका.

पहिली बारा वर्षे मी मानाने काढली. मी बोलले की हात मागे होत. कुणाच्या बोटाला साधा चटकाही बसला नाही. पुढे नवी यंत्रे आली, मी कोपऱ्यात गेले, मग लाकडी खोक्यात आणि मग जहाजात. खोके उघडले तेव्हा मी या लाँड्रीत होते.

इथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. फरशी कायम ओली असते आणि खिडक्यांच्या काचांवर वाफ धरलेली असते. धुलाईच्या यंत्रांचा घरघराट इतका असतो की बोलायचे तर कानाशी जावे लागते. पहिल्याच दिवशी मुकादमाने माझी जाळी उचलून पाहिली. रोलर थांबले आणि मी माझे वाक्य म्हटले. सगळ्या बायका हसायला लागल्या.

"अगं बाई, ही तर बोलते!"

"आणि काय गोड बोलते! आमच्या घरी कुणी एवढं गोड बोलत नाही."

त्या दिवसापासून माझे नाव गोडबोली पडले. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

पण जाळीमुळे काम हळू होत होते. चादरीला सुरकुती पडली की जाळी उचलायची, रोलर थांबायचे, सुरकुती काढायची, जाळी खाली करायची. मुकादमाला एवढा धीर नव्हता. त्याने मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने जाळी वर उचलून तारेने बांधून टाकली आणि रोलर थांबवणारा खटका बाद केला. माझ्या आवाजाची तार वेगळ्या वाटेने जाते, ती मात्र त्याच्या नजरेतून सुटली. म्हणून तेव्हापासून असे होऊ लागले: कामावरच्या बाईने पायाखालचा पॅडल दाबला की रोलर फिरू लागत आणि मी बोलू लागे. माझे वाक्य संपेपर्यंत रोलर पुरता वेग घेत. माझ्या वाक्याचा शेवटचा शब्द 'मासिप्सिओ' असा आहे, म्हणजे 'नका'. मुकादम नव्या बायकांना शिकवू लागला, "ती सिप्सिओ म्हणाली ना, की चादर सोडायची. आधी नाही, नंतर नाही."

मित्रांनो, मी म्हणत होते हात आत घालू नका, आणि तेवढे ऐकून घेऊन त्या हात पुढे करत होत्या. रोज सातशे वेळा असे घडत होते.

माझ्यासमोर दोन जावा उभ्या राहत. थोरली डाव्या हाताला, धाकटी उजव्या हाताला. थोरलीचा हात इतका चपळ की चादरीचे टोक आत जाता जाता ती त्यावरून बोटे फिरवून सुरकुती काढायची. रोलरपासून तिची बोटे जेमतेम एका इंचावर असत. मला धडकी भरायची. ती मात्र बाजारातल्या भावांबद्दल बोलत असायची.

धाकटीच्या डोक्यात वेगळेच होते. ज्या हॉटेलच्या चादरी आमच्याकडे येतात, तिथे कोरियन पाहुणे येऊ लागले होते. त्यांच्याशी चार शब्द बोलू शकेल अशी बाई हॉटेलला स्वागतकक्षात हवी होती. धाकटीने मनावर घेतले. गावातल्या वाचनालयात रविवारी रोजच्या बोलण्यातले कोरियन शिकवत. एकूण वीस धडे होते. तिने एका छोट्या वहीत ते आपल्या लिपीत उतरवून घेतले आणि वही ॲप्रनच्या खिशात ठेवली. सराव मात्र ती माझ्यासमोर करायची, कारण शिकवणाऱ्या बाई सोडल्या तर तिच्या ओळखीत त्या भाषेतले काही बोलणारी मी एकटीच होते.

"आन्न्याँग हासेयो," ती मला सकाळी म्हणायची. म्हणजे नमस्कार.

मी म्हणायचे, जाळी उघडी आहे.

"पाम मॉगॉस्सॉयो?" म्हणजे जेवलीस का? हेही तिथे सहज भेटल्यावर विचारतात, असे तिने थोरलीला सांगितले होते.

मी म्हणायचे, कृपया हात आत घालू नका.

"बघा, ताई, किती छान उत्तर देते."

"तुझं डोकं फिरलंय," थोरली म्हणायची. "नवऱ्याशी बोल म्हटलं तर तोंडाला कुलूप, आणि मशीनशी गप्पा."

तिचे उच्चार सुरुवातीला फार ओबडधोबड होते. पुढे सुधारले. सहाव्या धड्यात ती किंमत विचारायला शिकली, सातव्यात पाणी मागायला. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्या भाषेत माझ्याकडे पाणी मागितले. पण त्या धड्यांमध्ये धोक्याचे काही नव्हते. त्यातली माणसे बाजारात जात, एकमेकांना घर दाखवत, हवा छान आहे म्हणत. कुणाचाही हात कशात अडकत नव्हता. मी वाट बघत होते.

नवव्या धड्यात शरीराचे अवयव आले. त्या सोमवारी ती चादर धरून उभी होती आणि मी माझे वाक्य म्हटले. तिने चादर सोडली नाही.

"ताई, ही हात म्हणाली."

"काय?"

"हात. काल शिकवलं. ती हाताबद्दल काहीतरी सांगतेय."

थोरली हसली. "माझ्या हाताला यश आहे म्हणत असेल. सोड चादर, मुकादम बघतोय."

धाकटीने चादर सोडली. जेवणाच्या सुट्टीत पॅडल दाबून, फोन माझ्या तोंडाशी धरून तिने माझा आवाज भरून घेतला. पुढच्या रविवारी तो वर्गात ऐकवला. तिथे काय झाले ते मला सोमवारी तिने थोरलीला सांगितले तेव्हा कळले.

"बाईंनी दोनदा ऐकलं. मग मला विचारलं, हे यंत्र कुठे आहे? मी म्हटलं, कामावर. तर म्हणाल्या, तू त्याच्या किती जवळ उभी असतेस?"

"मग?"

"मग अर्थ सांगितला. जाळी उघडी आहे, हात आत घालू नका. ताई, इतकी वर्षं ही हेच सांगतेय. आणि आपण ते ऐकून हात घालतोय."

थोरलीने आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून तिच्यासमोर धरले. "पाच वर्षं झाली. मोजून घे, दहाच्या दहा आहेत." पण ती हसली नाही.

धाकटी मुकादमाकडे गेली. मुकादम वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता. तो म्हणाला, "तू इथे इस्त्री करायला येतेस का मशीनचं भाषांतर करायला? संध्याकाळी इस्पितळाची गाडी येणार आहे. चादरी नाहीत म्हणून त्यांना काय सांगू, आमची मशीन नको म्हणाली?"

दुसऱ्या दिवशी धाकटी सगळ्यांच्या आधी आली. तिने घरून पक्कड आणली होती. जाळी बांधलेली तार तिने तोडली आणि जाळी हलकेच खाली केली. मित्रांनो, किती वर्षांनी मला माझे तोंड झाकता आले!

बायका आल्या. थोरलीने सवयीने पॅडल दाबला. रोलर फिरू लागले. मी गप्प होते, कारण आता सांगण्यासारखे काही उरले नव्हते. सगळ्याजणी चादरी हातात धरून उभ्या राहिल्या. वाट बघत राहिल्या. कुणीच चादर सोडेना.

"हिचा घसा बसला की काय?"

"बिघडली वाटतं."

"ताई, बिघडली नाही," धाकटी घाईघाईने म्हणाली, "आज सगळं नीट आहे म्हणून गप्प आहे. जाळीखालून सरकवा, जाते चादर." पण तोवर मुकादम आला होता आणि मिस्त्रीला हाक गेली होती. मिस्त्रीने जाळी पाहिली, तोडलेली तार पाहिली, नवी तार काढली आणि जाळी पुन्हा वर बांधली. पॅडल दाबला. मला बोलावेच लागले.

"बोलली गं बाई!" कुणीतरी ओरडले, आणि दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांची मला जेवढी लाज वाटली तेवढी कधीच कशाची वाटली नव्हती. पक्कड कुणाची ते मुकादमाला लगेच कळले. त्याने धाकटीला माझ्या मागच्या बाजूला, घड्या घालण्याच्या टेबलावर धाडले. तिच्या जागी दुसरी बाई आली.

पण खरे बिनसले ते थोरलीचे. आधी माझे वाक्य तिच्या कानाला नुसता आवाज होता. आता तिला अर्थ माहीत होता. मी म्हणायचे हात घालू नका, आणि तिला सुरकुतीवर बोटे फिरवावीच लागायची, दिवसातून सातशे वेळा. तिने बाजारभावांबद्दल बोलणे बंद केले. मी बोलू लागले की ती डोळे मिटायची. मित्रांनो, रोलरसमोर उभे राहून डोळे मिटायचे म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. तिची बोटे, जी इतकी वर्षे कधी चुकली नव्हती, ती आता चुकू लागली. एकदा तिच्या काचेच्या बांगडीला रोलर घासला आणि बांगडी फुटली. तिने काच वेचून ॲप्रनच्या खिशात टाकली.

सुट्टीत ती मागच्या टेबलाजवळ गेली. माझ्या पोटाजवळच त्या दोघी उभ्या होत्या.

"तू मला सांगायलाच नको होतंस," ती म्हणाली. "कळत नव्हतं तेव्हा बरं होतं. आता ऐकू येतं."

"ताई, काम सोडा. नाहीतर दुसऱ्या टेबलावर मागून घ्या."

"आणि घरी काय सांगू? मशीन बोलते म्हणून सोडलं?"

धाकटीने तिचा हात हातात घेतला. थोरलीने तो सोडवून घेतला आणि ती सरळ मिस्त्रीकडे गेली. जाळी खाली कर, असे ती म्हणेल अशी मला आशा होती. ती म्हणाली, "मिस्त्री, हिचं बोलणं बंद होतं का हो?"

मिस्त्रीला दोन मिनिटे लागली. त्याने माझ्या पाठीवरचे झाकण उघडले, तार शोधली आणि कापली. आता बायका रोलरच्या आवाजावरून अंदाजाने चादर सोडतात. थोरलीला बरे वाटते आहे. ती पुन्हा बोलू लागली आहे, तिची बोटे पुन्हा चपळ झाली आहेत आणि रोलरपासून पुन्हा इंचावर आली आहेत. मी आतल्या आत बोलतच असते. वाक्य तेच आहे, माया तीच आहे, पण बाहेर काही येत नाही.

मागच्या आठवड्यात धाकटीला हॉटेलातून बोलावणे आले. तिने वीसही धडे पुरे केले आहेत आणि आता तिचे बोलणे ऐकले तर कोरियन माणूसही खूश होईल. तिने त्यांना कळवले की मला अजून एक महिना द्या. घरच्यांना कारण सांगितले नाही. मला कारण माहीत आहे.

मित्रांनो, माझी तार पुन्हा जोडा असे मी म्हणणार नाही. माझी जाळी खाली करा, एवढेच म्हणेन. तुमच्याही आसपास कुणी तरी न कळणाऱ्या भाषेत, गोड आवाजात पुन्हापुन्हा काही सांगत असेल. त्याची नक्कल करून हसण्याआधी त्याला एकदा विचारा की काय म्हणतोस. आणि कळल्यावर त्याचे तोंड बंद करू नका.

धाकटी घड्या घालण्याच्या टेबलावर उभी असते. पुढच्या बाजूने थोरली चादर सोडते, मागच्या बाजूने ती धाकटीच्या हातात पडते. चादर गरम असते, पण धाकटी तिची लगेच घडी घालत नाही. आधी ती चादर उजेडात धरते आणि कुठे लाल डाग आहे का ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट बघते. मग दुसरी बाजू बघते. आज दुपारपर्यंत चारशे चादरी झाल्या आहेत आणि चारशेही पांढऱ्या निघाल्या आहेत. थोरलीने आता पुढची चादर उचलली आहे.